थंडा होऊ द्या न भाऊ!

नागपुरात संध्याकाळी सोडियमच्या दिव्याखाली संत्री घेणं म्हणजे धाडसच होतं. त्या उजेडात हिरवं फळही पिकल्याचा आव आणायचं. दोष हातगाडीवाल्याचा नव्हे. या दिव्याला पिवळ्या-नारिंगीखेरीज इतर रंगांचं फारसं सोयरसुतकच नसतं.

त्याच्या पोटात जळायला तार नसते. बोटाएवढ्या पांढुरक्या नळीत सोडियम, थोडा पारा आणि झेनॉन वायू कोंडलेला. तापलेलं सोडियम काच खातं, म्हणून नळी ॲल्युमिनाची. इग्नायटर दोन-चार हजार व्होल्टचा ठोका देतो आणि चार-पाच मिनिटांत स्वारी रंगात येते. पण वायू जितका तापेल तितकी वीज जास्त ओढतो. वरातीत नागीण डान्स सुरू झाला की आवरायला एखादा खमक्या मामा लागतो. इथे ते काम चोक करतो. तो नसेल तर दिव्याचा तिथेच निकाल.

वीज डोळा मिटण्यापुरती गेली तरी दिवा विझतो, आणि ती आल्यावर हा लगेच पेटेल तर शपथ! आतला दाब उतरेपर्यंत इग्नायटरला दाद देत नाही. नळी हजार अंशांच्या पुढे तापलेली. तिला आपला मे महिना म्हणजे महाबळेश्वरच. "थंडा होऊ द्या न भाऊ, मंग पेटते," असं म्हणून आमचा वायरमन बिडी काढायचा. सोडियम मिनिटा-दोन मिनिटांत मानतो, मेटल हॅलाइड मात्र दहा-पंधरा मिनिटं घेतो. मैदानांच्या मनोऱ्यांवर राज्य त्याचंच असे. 28 ऑक्टोबर 2009 ला जामठ्याला धोनीनं 124 केल्या, तो सामना दिवस-रात्रीचा होता. मनोऱ्यांची वीज गेली असती, तर ऑस्ट्रेलियाला पॅड बांधून बसावं लागलं असतं. 99 धावांनी हरायचे ते जरा उशिरा हरले असते, इतकंच.

म्हातारा सोडियम दिवा आणखी वल्ली. वयाबरोबर त्याची व्होल्टची भूक वाढते, चोकला ती पुरवता येत नाही, मग तो विझतो, निवतो, पुन्हा पेटतो. रात्रभर हेच. आपण खालून गेलो म्हणूनच विझला, असं मानणारे सज्जन प्रत्येक मोहल्ल्यात निघतात.

आता एलईडी आले. बटण दाबताच उजेड, संत्र्याचा रंगही खरा. तक्रारीला जागा नाही, हीच काय ती तक्रार. मात्र दुकानाच्या माळ्यावर जुना मर्क्युरीचा किंवा मेटल हॅलाइडचा दिवा पडला असेल तर फोडू नका, कबाड्यालाही देऊ नका. आत पारा आहे. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच सोपवा.