भाच्यावर आळ

"वहिनी, ऐकलंत का? समोरच्या अण्णांचा कॉम्प्युटर बसला!"

माई भिंतीपलीकडून बोलायला लागल्या की हातातलं काम ठेवून यावंच लागतं. सिडकोतली आमची सामाईक भिंत जेमतेम छातीएवढी. तिच्यावरून आजवर कढीपत्ता, कोथिंबीर, विरजण आणि बातम्या, सगळं ताजंच गेलं-आलं आहे.

"बसला म्हणजे?"

"चालूच व्हायला नाही. विंडोजची खूण येती, निळा पडदा लखकन चमकतो, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. सकाळपासून हेच चाललंय. आणि तेही ऐन लग्नसराईत! तुळशीचं लग्न लागलं की अण्णांच्या दारात पत्रिकावाल्यांची रीघ. आता कुणाकुणाचा मुहूर्त त्या डब्यात अडकलाय, देवाला ठाऊक."

अण्णा घरीच पत्रिका कंपोज करतात. पेजमेकर सात, श्रीलिपी आणि श्रीलिपीचं ते पेनड्राइव्हसारखं लॉक, हा त्यांचा संसार. पेजमेकरची ती आवृत्ती २००१ची, तिच्यानंतर अ‍ॅडोबनं नवी काढलीच नाही. सगळं जग युनिकोडवर गेलं तरी अण्णांच्या जुन्या पत्रिका त्याच फॉन्टात, म्हणून मशीनही तेच. विंडोज सातची मुदत मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला संपवली, हे त्यांना सांगायला जावं तर म्हणतात, "माझी संपली नाही ना अजून?"

"केलं कुणी पण?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती, माई त्यासाठीच आल्या होत्या.

"भाच्यानं! पुण्याचा, तो हिंजवडीवाला. दिवाळीत आला नव्हता का? जुनी डिस्क काढली, एसएसडी का काय ती घातली, आणि विंडोजच्या आधीचा तो पडदा असतो ना, त्यात शिरून सेटिंग फिरवली. मामींनी डोळ्यांनी बघितलं. पाडवा गेला, भाऊबीज गेली, पोरगं आपलं त्या डब्यापुढंच. मामी म्हणायल्यात, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

"अहो माई, दिवाळी होऊन किती दिवस झाले. त्यानं बिघडवलं असतं तर तेव्हाच बसला नसता का?"

इथं माई जरा अडल्या. पण आळ एकदा घेतला की तो मागे घ्यायचा रिवाज आमच्या गल्लीत नाही. "हळूहळू भिनलं असेल," म्हणाल्या.

"दाखवला का कुणाला?"

"कॅनॉटचा एक पोरगा येऊन गेला. बसला पण नाही धड. उभ्याउभ्याच म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. अण्णांचा चेहरा पडला बघा. श्रीलिपीची सीडी आता वाचली जात नाही म्हणे, भाच्यानं दिवाळीत कशीबशी चढवली होती."

फॉरमॅट हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो. पुढची रात्र ज्याला जागायची असते तो दुसराच. आमची लेक विद्यापीठाच्या आवारातल्या नाइलिटला शिकते. तिला मी अण्णांकडं पिटाळलं. आल्यावर तिनं जे सांगितलं ते संध्याकाळी भिंतीवर मांडलं, तेव्हा माईंनी मोबाइल बाजूला ठेवला, एवढं सांगितलं की पुरे.

झालं असं. लेकीनं आधी मशीन सुरू होताना एफ-आठ दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं. मग निळा पडदा पळाला नाही, थांबला. खाली लांबलचक आकडा, शेवटी ७बी. विंडोज जागं झालं, पण ज्या डिस्कवर ते राहतं तिच्यापर्यंत त्याला पोचता येत नाही, असा त्याचा अर्थ. मग तिनं मामींना विचारलं, निळ्याच्या आधी काही दिसलं होतं का? मामी म्हणाल्या, "काळ्या पडद्यावर चेकसम का काहीतरी आलं, एफ-एक दाबा म्हणालं, मी दाबलं."

"बघा!" माई म्हणाल्या. "मामींनीच दाबलं की!"

"दाबण्यात काही नव्हतं हो. त्याच्या आधी ते दोघं नांदेडला लेकीकडं गेले होते ना? मेन स्विच कुणी बंद केला जाताना?"

"मामींनी. त्या गावाला जाताना नेहमी करतात. मागं विजा पडल्या तेव्हा कुणाचा तरी टीव्ही जळाला होता."

"झालं तर मग. कॉम्प्युटरच्या आत एक गोल सेल असतो, रुपयाच्या नाण्यासारखा. सीआर २०३२. वीस मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, म्हणून तो आकडा. घड्याळ आणि सेटिंगची आठवण तो धरून ठेवतो. भिंतीतून वीज येत असते तोवर सेल मेलेला कळतच नाही. मेन बंद झाला आणि मशीन सगळं विसरलं. तारीख बघितली तर १ जानेवारी २००९!"

"मग डिस्क गेली म्हणायची?"

"डिस्कला काही नाही. माई, टाकी भरलेली असते, पण लाइनमननं व्हॉल फिरवला नाही तर आपल्या नळाला पाणी येतं का? तसंच."

व्हॉलचं म्हटल्यावर माईंना पुढचं समजावावं लागलं नाही. या शहरात ते कुणालाच समजावावं लागत नाही.

डिस्कशी बोलायच्या दोन रीती या मशीनवर आहेत. जुनी आयडीई, आणि इंटेलनं २००४ साली आणलेली एएचसीआय. जुनीत एका वेळी एकच हुकूम, नवीत बत्तीस हुकूम रांगेत लावता येतात. एक्सपीला नवी येत नव्हती, म्हणून बोर्डवाल्यांनी जुनीही ठेवली. भाच्यानं नवी लावून त्याच्यावर विंडोज चढवलं, म्हणजे बरोबरच केलं. पण विंडोज सात बसवताना ज्या रीतीत असतं तिचाच ड्रायव्हर सुरुवातीला उठवतं, बाकीचे झोपवून ठेवतं. सेल मेला, बोर्ड आपल्या मूळ आयडीईवर गेलं, आणि विंडोज आपल्याच घराबाहेर उभं.

"मग पोरीनं काय केलं?"

"सेटिंग परत एएचसीआय, एफ-दहा दाबून सेव्ह, आणि चालू. श्रीलिपी, पत्रिका, सगळं जागच्या जागी. नवा सेल घातला, तारीख लावली. तारीख चुकली तर इंटरनेटची पानंही उघडायला कुरकुरतात. आणि सेटिंगच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून अण्णांच्या भिंतीला चिकटवला, पंचांगाशेजारी."

माई गप्प. मग हळूच, "सुनेच्या लॅपटॉपला पण असं होईल?"

"नव्यात कुणाला उगाच हात लावू देऊ नका. विंडोज अकरात पुष्कळदा डिस्क कुलूपबंद असते; आतली सेटिंग बदलली की ४८ आकडी किल्ली मागते. ती कुठं जपलीय ते तिला आजच विचारा. आणि रीत बदलायचीच असली तर आधी एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटची खूण करायची, मग सेटिंग बदलायची, एकदा सेफ मोडमध्ये उठू द्यायचं आणि खूण काढायची."

"लिहून द्या बाई. पण वहिनी, अण्णांनी त्या पोराला फोनवर काय काय सुनावलं होतं सकाळी! माझ्या खिडकीपर्यंत येत होतं. आता?"

"आता फोन करायचाय म्हणे. पण कोण करणार यावरून दोघांचं चाललंय. मामी म्हणतात, सुनावलं तुम्ही, तुम्ही करा. अण्णा म्हणतात, मेन तू बंद केलास, तू कर."