नोटिशीचा फोटो फिरवणाऱ्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

बऱ्हाणपूरच्या कलेक्टर कचेरीत तुमचे काही काम नसते. फलकावर लग्नाची नोटीस दिसली की मात्र तुमचा मोबाइल बाहेर येतो. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू. नावे, वये, पत्ते एका फोटोत, आणि संध्याकाळपर्यंत तो गावभर. २०२४ च्या ऑक्टोबरात जबलपुरातल्या एका आंतरधर्मीय जोडप्याचा अर्ज असाच समाजमाध्यमांवर फिरला. त्यांना संरक्षणासाठी उच्च न्यायालय गाठावे लागले. अर्ज फिरवणारे घरी आरामात होते.

एवढी काळजी वाटते तर १९५४ चा विशेष विवाह कायदा वाचा. दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान ३० दिवस मुक्काम हवा. नोटीस लागल्यावर आणखी ३० दिवस हरकतीसाठी. १८७२ च्या जुन्या विशेष विवाह कायद्यात ही मुदत १४ दिवसांची होती. स्वतंत्र देशाने ती वाढवली, याचा मला राग आहे. आता हरकत कशावर घेता येते? आधीचा नवरा किंवा बायको हयात असणे, मुलाची २१ किंवा मुलीची १८ वर्षे पूर्ण नसणे, संमती किंवा लग्नासाठी मनाची स्थिती ठीक नसणे, निषिद्ध नाते. बस्स. धर्म या यादीत नाही. शिवाय हरकत वहीत लिहून घेतात, खाली तुमची सही घेतात. ती अवाजवी आणि वाईट हेतूची ठरली तर हजार रुपयांपर्यंत भरपाई तुमच्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून तुम्ही आत टेबलापाशी जात नाही. बाहेर फलकापाशीच तुमचे शौर्य.

फोटोखाली तुम्ही लिहिता, चर्च मुलाला बाटवते. वर मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्मांतरविरोधी कायद्याचा धाक दाखवता. इथे धर्म बदलतोय कोण? नोंदणीसोबत चर्चमध्येही असे लग्न लावायचे तर खंडव्याच्या धर्मप्रांताकडून खास परवानगी लागते, आणि ती लागते मुलगा ख्रिस्ती नाही म्हणूनच. तो बाप्तिस्मा घेणार असता तर तिची गरजच नव्हती. मुलीला बाप्तिस्म्याचा दाखला आणावा लागतो, दोघांना लग्नाआधीच्या तयारीला बसावे लागते. आपली श्रद्धा सोडणार नाही, मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य ते सारे करीन, असे वचन मुलगी देते. मुलाला ते फक्त सांगतात. त्याच्याकडून वचन घेत नाहीत. मुलांचे काय, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. त्यावर ही दोघे भांडतील, रडतील, आईवडिलांशी बोलतील. तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. तुमचे तिथे कोणतेही नाते नाही.

तुमच्या फोटोमुळे मुलीचे बाहेर पडणे बंद होते, मुलाच्या बापाला दुकानात येऊन लोक विचारतात, घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. हे सारे लग्नाच्या आधी, त्यांनी कायद्याविरुद्ध काहीच केलेले नसताना.

कायद्यात बसणारी हरकत असेल तर मुदतीत आत जा, लिहा, सही करा. नसेल तर तो फोटो काढून टाका, आणि ज्यांना ज्यांना पाठवलात त्यांनाही काढायला सांगा.