जिभेआधी पर्जन्यमापक

बोर्दोच्या एकाच शातोची, म्हणजे वाइनमळ्याची, दहा सालांची रेड वाइन दहा पेल्यांत ओळीनं मांडून चाखायची, या प्रकाराला जाणकार ‘व्हर्टिकल टेस्टिंग’ म्हणतात. चाखणारे मात्र सगळे बसलेले असतात. ते पेला गरागरा फिरवतात, नाक आत घालतात, घोट तोंडात खळखळवतात आणि जी बाटली आपण तिजोरीत ठेवली असती तिच्यातली वाइन शांतपणे बादलीत थुंकतात. मग एका सालात सिगारच्या डबीचा वास सापडतो, दुसऱ्यात पेन्सिलीचा भुगा, तिसऱ्यात ओलं चामडं. द्राक्षांचा वास आला असं म्हणणाऱ्याला पुढच्या खेपेला बोलावणं येत नसावं. माझं म्हणणं एवढंच, की सालागणिक फरक खरा असतो, पण तो जिभेला सगळ्यात शेवटी कळतो. आधी तो पर्जन्यमापकाला कळतो, मग व्यापाऱ्याला, मग लेबल वाचणाऱ्या डोळ्यांना. जीभ नुसतं अनुमोदन देते.

फरक खरा का, तर बोर्दोच्या कुशीलाच अटलांटिक आहे आणि तिथला पाऊस कुणाला विचारून पडत नाही. काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष उशिरा पिकतं. ते पिकत असतानाच पाऊस आला की मणी पाण्यानं फुगतात आणि रस पातळ होतो. १९५६च्या फेब्रुवारीत अशी थंडी पडली की वेलीच्या वेली मेल्या; १९९१च्या एप्रिलमधल्या दहिवरानं कोवळे कोंब जाळले; २००३ साली उलट उन्हानं कहर केला. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी हे सगळं एका समीकरणात बसवलं. हिवाळ्यात पाऊस भरपूर, उन्हाळा उबदार, काढणीच्या तोंडावर कोरडं, आणि बाटलीचं वय, एवढी माहिती द्या, सालाची पत मिळेल. बाटली उघडायची गरजच नाही. १९८९ आणि १९९० ही सालं थोर ठरणार, हे त्यांनी असं आकडेमोडीनं सांगितलं. समीक्षक रॉबर्ट पार्कर यावर भडकले, आणि ते साहजिकच होतं. १९८२ची वाइन पिंपात असतानाच ती थोर आहे असं ठासून सांगून त्यांनी नाव कमावलं होतं, आणि तेही इतर काही जाणते ‘इतकी पिकलेली वाइन टिकायची नाही’ म्हणत असताना. त्यांच्या १०० गुणांच्या पद्धतीत ५० गुण तर नुसतं बाटलीत हजर राहिल्याबद्दल मिळतात, तरीही थर्मामीटरला परीक्षक नेमणं त्यांना पटलं नाही.

जिभेवर माझा इतका अविश्वास का? २००१ साली बोर्दोतल्याच संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना त्यांनी पांढऱ्या वाइनमध्ये बेचव लाल रंग मिसळून दिला. मंडळींनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. कुणी म्हणेल, ते विद्यार्थी होते. बरं, मग रूडी कुर्निआवानचं गिऱ्हाईक घेऊ. कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरात हा गृहस्थ वाइनी एकमेकींत मिसळून दुर्मिळ जुनी सालं तयार करायचा आणि कोट्यधीश संग्राहक ती मिटक्या मारत प्यायचे. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात त्यानं विकायला दिलेल्या, बर्गंडीच्या पोन्सो घराण्याच्या ‘क्लो सें-देनी’ या वाइनच्या १९४५ पासूनच्या बाटल्या आल्या. पोन्सोंनी ती वाइन करायला घेतली १९८०च्या दशकात. म्हणजे भांडं फुटलं ते तारखांच्या हिशेबानं. इतकी वर्षं इतक्या तरबेज जिभा कामावर होत्या, पण कुर्निआवान तुरुंगात गेला तो त्यांच्या साक्षीवर नव्हे.

दोन आक्षेप मात्र वजनदार आहेत. पहिला असा, की जुनी वाइन खरोखर बदलते. टॅनिनचे रेणू एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, जांभळा रंग विटकरी होतो, तोंड आवळणारा तुरटपणा मावळतो. कबूल, पण ते झालं वय. पांढऱ्या रुमालावर पेला तिरका धरला तर ते डोळ्यांनाही दिसतं. जवळपास एकाच वयाच्या दोन शेजारी सालांत डावं-उजवं करणं हे निराळं काम आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: अ‍ॅशेनफेल्टरांनी मोजले ते लिलावातले भाव, चव नव्हे. खरं आहे. पण जुन्या बाटलीला तो भाव कुणी दिला? वर्षानुवर्षं ती वाइन पिऊन पाहिलेल्या माणसांनीच. म्हणजे जिभेचाही निकाल अखेर पर्जन्यमापकासारखाच लागला, फक्त त्याला हजारो जिभा आणि वीसेक वर्षं लागली.

नाशिकला हे गणित आणखी मजेदार होतं. तिथला बागायतदार उन्हाळ्यात खरड छाटणी करतो आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, कोरड्या हवेत काढली जातात. अवकाळीनं किंवा गारपिटीनं घात केला नाही, तर सालाचं दैव पुष्कळसं छाटणीच्या तारखेत असतं, आणि ती तारीख माणूस ठरवतो. बोर्दोवाल्याला हे ऐकून हेवा वाटेल. टेस्टिंगवाल्याची मात्र पंचाईत होईल, कारण ढगांबद्दल जितकं काव्यमय बोलता येतं तितकं कात्रीबद्दल येत नाही.

माझ्या मते पिणाऱ्यानं बदनाम सालच घ्यावं. ते स्वस्त असतं आणि लवकर पिण्याजोगं होतं. उलट १९७५सारख्या नावाजलेल्या सालाच्या कित्येक बाटल्या टॅनिन कवटाळून बसल्या आणि वाट पाहणाऱ्यांचेच केस पिकले. सगळेच असं करू लागले तर बदनाम सालही महागेल, हे तर्काला धरून आहे. पण तशी धास्ती नको. बदनाम सालाची बाटली लेबल पुढे करून पाहुण्यांसमोर ठेवता येत नाही, आणि लेबल झाकूनच पाजायची तर बोर्दोच कशाला, असं यजमानालाच वाटू लागतं.