वसेल त्याची पेटी

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आपल्या मालकीचा आहे, हा समज मनातून काढून टाकला तर पुष्कळांचा रक्तदाब खाली येईल. पेटी आपण विकत आणतो, खांबावर ठोकतो, वीजबिलही (निदान कागदावर तरी) आपल्याच नावाने येतं. पण हे झाले कागद. वहिवाट कुणाची, ते झाकण उघडल्यावर कळतं. कॉन्टॅक्टरच्या दोन पट्ट्यांमध्ये एक पाल चपटी होऊन वाळलेली असते. वरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीने चिखलाचं दोन खोल्यांचं पक्कं बांधकाम काढलेलं असतं. रिलेच्या मागे मुंग्यांची पांढरी अंडी आणि केबलच्या भोकाशी कुणाची तरी कात, ती सरड्याची की सापाची याचा निकाल ज्याने त्याने आपल्या धैर्याप्रमाणे लावायचा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळकायद्याने कसेल त्याची जमीन केली. पेटीबाबत तेच तत्त्व पालीने कायद्याची वाट न पाहता लागू केलं आहे. आणि तिची बाजू लंगडी नाही. तीन फेजची वीज चोवीस तासांतले आठ-दहा तास, कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला. पावसाळ्यात तर मोटार महिनोन्महिने मुकी. एवढा वेळ कोरडी, अंधारी, जरा ऊबदार जागा मोकळी राहणार, वर फेजचे लाल-पिवळे-निळे दिवे किड्यांना आवतण देऊन जेवणही दारात आणणार. अशी जागा पुण्यात असती तर पागडी मागितली असती. माझा सिद्धांत एवढाच: प्राणी आपल्या यंत्रात शिरत नाही, आपण सोडलेल्या रिकामपणात शिरतो. परदेशात शिडाच्या बोटी बाळगणारे गुंडाळलेल्या शिडाच्या घडीत पाखरं संसार मांडतात म्हणून हैराण असतात, तेही याच कारणाने. डिंभे धरणाच्या पाण्यावर शिडं नाहीत, पण काठाकाठाने मोटारी आहेत, त्यामुळे जगाच्या दुःखात आपण मागे नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढं तत्त्वज्ञान कशाला, धरा आणि लांब नेऊन सोडा. या उपायाचा जगातला सर्वात विद्वान प्रयोग १९६४च्या सुमाराला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेलला झाला. बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतले पेन्झियास आणि विल्सन हे दोघे एका प्रचंड कर्ण्यासारख्या अँटेनातून आकाश ऐकत होते, आणि कुठूनही ऐका, एक बारीक खरखर काही केल्या जाईना. आत पाहिलं तर कबुतरांची जोडी बिऱ्हाड करून होती आणि कर्ण्याला आतून पांढरा गिलावा झालेला. शास्त्रज्ञच ते, त्यांनी विष्ठेलाही ‘पांढरा विद्युतरोधक पदार्थ’ असं भारदस्त नाव दिलं. सापळा लावला, कबुतरं धरली आणि कंपनीच्याच टपालाने दुसऱ्या गावच्या कार्यालयात पाठवून दिली, तिथे ती सोडण्यात आली. थोड्याच दिवसांत कबुतरं घरी हजर. टपालाने गेलेली वस्तू इतक्या तत्परतेने परत आल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. शेवटी बिचारी गोळीला बळी पडली, कर्णा घासूनपुसून लख्ख झाला, आणि खरखर होती तशीच राहिली. ती विश्वाच्या जन्माच्या वेळची निघाली. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं, कबुतरांचा सापळा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेला, कबुतरांची नावंदेखील कुणी नोंदवली नाहीत. आता आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदकडे पाहा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, पण अंग कसलं? दोरांवर ताणलेली पोलादी तारेची बारीक जाळी. वारा आरपार जावा, वजन आणि खर्च आटोक्यात राहावा, म्हणून केलेली ही युक्ती. कबुतरांचा विचार त्यात बहुधा कुणाच्या डोक्यात नव्हता. पण जिथे पोकळीच ठेवली नाही तिथे भाडेकरू कुठून येणार, हे माझं म्हणणं त्यातून आयतं सिद्ध होतं, म्हणून मी ती दुर्बीण बिनदिक्कत माझ्या बाजूला ओढून घेतो. शास्त्रज्ञाला अशी सवलत नसते. लेखकाला असते, आणि तिच्याच जोरावर आमची विद्वत्ता चालते.

दुसरा आक्षेप धाक दाखवण्याचा. १९९५मध्ये सुतारपक्ष्यांनी ‘डिस्कव्हरी’ या अवकाशयानाच्या इंधनटाकीवरच्या फोमला सुमारे दोनशे भोकं पाडली. यान तळावरून परत न्यावं लागलं, उड्डाण १३ जुलैवर गेलं, आणि चंद्रावर माणूस उतरवलेल्या संस्थेने राखण म्हणून प्लॅस्टिकची घुबडं बसवली आणि मोठ्या डोळ्यांचे फुगे टांगले. आपल्याकडे ज्वारीत उभं केलेलं बुजगावणं याहून स्वस्तात पडतं. मग भोक बुजवा, असं तिसरा शहाणा म्हणतो. तोही मार्ग माझदा कंपनीने चोखाळला. त्यांच्या एका गाडीच्या इंधनटाकीची वाफ-हवा खेळवणाऱ्या नळीत पिवळट रंगाचा एक कोळी जाळं विणायचा, म्हणून २०११मध्ये गाड्या परत बोलावून नळीत स्प्रिंग बसवली. कोळी स्प्रिंगमधूनही गेला. २०१४मध्ये पुन्हा ४२ हजार गाड्या बोलावल्या, आणि या खेपेला कोळ्याचा नाद सोडून गाडीचं सॉफ्टवेअर बदललं, जाळं असलं तरी टाकीला इजा होऊ नये असं. इंजिनिअरने कोळ्याशी केलेला हा तह मला फार आवडतो. आपल्या डांबरगोळ्या, तंबाखूची चिमूट, मुंग्यांचा खडू हे सगळे स्प्रिंगच्याच जातीचे उपाय.

इथपर्यंत विनोद ठीक आहे. पण जुन्नर-आंबेगावात पाल पट्ट्यांमध्ये अडकली की नुसती मोटार बंद पडत नाही. रातपाळीची वीज आली, घरातून मोबाइलने स्टार्टरला हुकूम दिला, मोटारीने ओ दिली नाही, तर बॅटरी घेऊन कुणाला तरी उठून जावंच लागतं. पाणी चुकलं तर पुढची पाळी कधी, याचा भरवसा नाही. पाऊलवाट उसातून असते. कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, ऊस वाढला, आणि वर्ष-वर्षभर कुणी पाऊल टाकत नाही अशा त्या फडात बिबट्याच्या मादीने पिलं घातली. तोडणीला बछडी सापडतात, वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातले लोक ती त्याच जागी खोक्यात ठेवून रात्री आईची वाट पाहतात; हे काम मला कुठल्याही दुर्बिणीइतकं मोठं वाटतं. तरी त्याच उसाकाठी माणसं गेली आहेत, लहान मुलंही. तेव्हा ‘उचला आणि सोडा’ हा उपाय इथेही झाला. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात नोंद आहे की १९९३पासून २००१पर्यंत जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले व्हायचे. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर पुढच्या दोन-तीन वर्षांत सरासरी सतरावर गेली. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून माळशेजला सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या तर सव्वाशेएक किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. होल्मडेलची कबुतरं आणि तो, दोघांनाही पत्ता कुणी सांगावा लागला नाही.

कुणी म्हणेल, म्हणजे बिबट्याचा दोषही पालीवरच ढकलता काय? पालीवर नाही, रातपाळीवर ढकलतो. दिवसा वीज हवी ही मागणी जुनी, सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ची, आणि शेतकरी अजून रात्रीच बॅटरी शोधतो. दिवसाच्या उजेडात बिघडलेला स्टार्टर ही कटकट आहे. रात्री एक वाजता तोच स्टार्टर घरच्या बाईला पहाटेपर्यंत ओट्यावर बसवून ठेवतो. या फरकाची जबाबदारी पालीकडे नाही, कारण ती वेळापत्रक काढत नाही. तिच्यासाठी केबलच्या भोकाला रबर, झाकणाच्या कडेला पट्टी आणि पावसाळ्यातही अधूनमधून मोटार फिरवणं, एवढं पुरतं. तिला रिकामं घर हवं असतं, खडखडणारं नको असतं. आणि झाकण उघडण्याआधी जाणते लोक पेटीवर दोन थापा मारतात, आत नाग असला तर त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून. सातबारा आपल्या नावचा, मीटर आपल्या नावचा, आणि कडी वाजवून आत यायची परवानगीही आपणच मागायची.