मे महिन्यातलं फुकट गणित

गणित घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला आपल्या छत्रपती संभाजीनगरात उन्हाळाभर एकच प्रश्न विचारला जातो : सुट्टीत काय करून राह्यला रे? यंदा सिडकोतल्या एका होतकरूनं सरळ सांगितलं, "ऑनलाइन रिअल अॅनालिसिस." ओट्यावरच्या मंडळींना क्षणभर काही सुचेना. मग एका काकांनी मुद्द्याला हात घातला. "सर्टिफिकेट कधी भेटतंय?"

पोरगं तिथंच फसलं. मेमध्ये शिकून सर्टिफिकेट भेटत नाही.

आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 साली ऑनलाइन व्याख्यानांचं एनपीटीईएल सुरू केलं, 2017 मध्ये केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं 'स्वयम्' आलं. त्यावर सत्रं दोन, जानेवारी आणि जुलै. म्हणजे पोरांना कॉलेज, प्रॅक्टिकल आणि गणपती असतात तेव्हा कोर्स असतो. पोरं मोकळी होतात तेव्हा नसतो. असलं वेळापत्रक योगायोगानं जमत नाही, त्यासाठी समिती लागते.

पण व्याख्यानं काही सुट्टीवर जात नाहीत. टोपॉलॉजी, मेझर थिअरी, फंक्शनल अॅनालिसिस, सगळं यूट्यूबवर बाराही महिने पडून आहे, फुकट. मेमध्ये शिकणाऱ्याला नसते ती फक्त परीक्षा. थोडक्यात, या एका महिन्यात शुद्ध गणित मिळतं, त्यात दुसरं काहीच मिसळलेलं नसतं. त्यामुळे त्याला गिऱ्हाईकही नसतं.

जुलै उजाडू द्या, मग बघा. एका विद्यार्थ्याला चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट अशा ऑनलाइन कोर्समधून घेता येतील असं यूजीसीनं 2021 साली ठरवून दिलं, तेव्हापासून वर्गातल्या ग्रुपवर लिंक फिरते आणि ज्याला एप्सिलॉन हे औषधाचं नाव वाटतं तोही नाव नोंदवतो. शिकणं फुकट, शिकल्याचा पुरावा एक हजार रुपये. व्याख्यान दीडपट वेगानं लावायचं आणि मोबाइल उशीखाली ठेवायचा. आयआयटीचे प्राध्यापक फळ्यावर एक सिद्धता पूर्ण करेपर्यंत आपल्याकडे दुपारची झोप पूर्ण होते.

तरी ही पोरं गणित करत नाहीत असं कोणी म्हणू नये. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारा असाइनमेंट, त्यांतल्या उत्तम आठांची सरासरी, तिला पंचवीस गुण, परीक्षेला पंचाहत्तर. पास व्हायला पंचवीसपैकी दहा आणि पंचाहत्तरपैकी तीस. आमच्या होतकरूच्या मित्रानं कागद-पेन न घेता सिद्ध केलं की तीन असाइनमेंट पूर्ण बरोबर आणि चौथीत वीस टक्के एवढं पुरतं : तीनशे वीस भागिले आठ, सरासरी चाळीस, गुण दहा. उरलेल्या आठ उघडायच्यासुद्धा नाहीत. किमान श्रमाचा इतका देखणा सिद्धांत त्या अख्ख्या कोर्समध्ये नसेल. आणि त्या तीन पूर्ण बरोबर कशा येतात? त्याला टेलिग्राम आहे.

मेमध्ये एकटा बसलेला आमचा होतकरू मात्र अडचणीत आहे. त्याला कोणी डेडलाइन देत नाही. कूलरच्या घरघरीत प्राध्यापक म्हणतात, "कितीही लहान एप्सिलॉन घ्या," तेवढ्यात खालून आई ओरडते, "नळ आला!" आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळापुढे एप्सिलॉनला थांबावंच लागतं. पण क्रमिका म्हणजे काय ते त्याला पुस्तकाआधी महापालिकेनं शिकवलं. 2019 साली मंजूर झालेली 1680 कोटींची पाणी योजना पुढे 2740 कोटींवर गेली आणि पूर्ण होण्याची तारीख दर वेळी पुढे सरकत राहिली. चढत्या क्रमिकेला वरून मर्यादा असेल तर ती कुठेतरी स्थिरावते, असं प्रमेय आहे. मर्यादा आहे का, हे उच्च न्यायालयाच्या खंडपीठानंही विचारून पाहिलं.

खरं तर उच्च गणिताची सोय या मुलखात फार जुनी. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेलं की पाटण लागतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यानं तिथं मठ काढला. शके 1128 चा शिलालेख आहे, आणि त्यातला व्यवहाराचा भाग चक्क मराठीत. पेठेतल्या मालावर राजाला जाणारी पट्टी मठाला दिली, घाण्यामागे पळीभर तेलही ठरलं. म्हणजे देवगिरीच्या राज्यात कोणी तीळ गाळले की कुठेतरी कोणी भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं गणित सोडवत बसे. मठात क्रेडिट किती मिळत, प्रमाणपत्रावर सही कोणाची, याबद्दल दगड गप्प आहे. आता तीच लीलावती आयआयटी मुंबईच्या एका ऑनलाइन कोर्समध्ये आहे. पाटणाहून मुंबईला गेली, तिथून मोबाइलवर सिडकोत आली. मधल्या घाटात मात्र कोणाला उतरवून घ्यावीशी वाटली नाही.

चांगदेवाची योजना पुन्हा राबवायला हरकत नाही, असं आपलं माझं मत. आता घाणे कुठून आणायचे, तेव्हा टँकर धरू. उन्हाळ्यात वसाहतीत शिरणाऱ्या प्रत्येक टँकरमागे एक हंडा पाणी, रिअल अॅनालिसिस करणाऱ्याच्या दारात, रांग न लावता.

हा प्रस्ताव मी ओट्यावर मांडला. काका बराच वेळ हिशेब करत होते. मग म्हणाले, "घरात दोघं शिकत असले तर दोन हंडे का?"