राणी रंगाची बाटली

केमिस्टकडे जाऊन "पाच एमएलच्या चार सिरिंज द्या, सुईसकट" असं म्हटलं की काउंटरपलीकडचा माणूस आधी आपल्या डोळ्यांकडे बघतो, मग दंडाकडे. मी पहिल्यांदा मागितल्या तेव्हा त्याने आवाज खाली आणून "चिठ्ठी आहे का?" असं विचारलं. "प्रिंटरला हव्यात," मी म्हटलं. शेजारी खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या आजींचा चेहरा एकदम कनवाळू झाला. "काय होतंय त्यांना?" त्या म्हणाल्या.

त्यांना म्हणजे आमच्या प्रिंटरला एवढंच होत होतं की त्यांची शाई संपली होती. प्रिंटर आणला तेव्हा इतका स्वस्त वाटला होता की दुकानदाराची दया आली. सोबत आलेली दोन कार्ट्रिजं मुलीच्या पर्यावरणाच्या एका प्रोजेक्टात संपली. वाघ, जंगल आणि ओझोनचा थर वाचवताना ती गेली. नवी घ्यायला त्याच दुकानात गेलो आणि किंमत ऐकून कळलं की दया कुणाची यायला हवी होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली, त्याला हा धंदा प्रिंटर निघायच्या आधीच कळला होता. प्रिंटर ही कोंबडी. कमाई मसाल्यात.

मी मसाला घरी करायचं ठरवलं.

त्यासाठी डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. तिथे प्रिंटरची शाई बाटल्यांतून मिळते. काळी, पिवळी, आकाशी आणि चौथी. कागदावर तिला मॅजेंटा म्हणतात, पण दुकानातला पोऱ्या "राणी कलर देऊ ना?" म्हणाला आणि मला एकदम साडीच्या दुकानात आल्यासारखं वाटलं.

आमच्या घराण्याला शाई भरणं नवीन नाही. वडील रविवारी सकाळी घरातली सगळी पेनं पेपर पसरून एका रांगेत निजवायचे आणि ड्रॉपरने एकेकाच्या पोटात शाई सोडायचे. बोटं केसांना पुसायची. केस काळे असेपर्यंत ही सोय होती. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या नि गोळ्यांपासून धंदा सुरू केला, पुढे त्याचं कॅमलिन झालं. त्या उंटाच्या चित्राची दौत आमच्या कपाटात देवाशेजारी असे. पुढे बॉलपेन आलं आणि 'रिफिल' या शब्दाचा अर्थच बदलला. पुन्हा भरणं असा अर्थ असलेला शब्द, पण आपण रिफिल भरत कधीच नाही, संपली की फेकतो आणि दुसरी घालतो. कार्ट्रिजची सिरिंज हातात धरली तेव्हा चाळीस वर्षांनी मी त्या शब्दाशी इमानाने वागत होतो.

आता कृती. कार्ट्रिजवरचं स्टिकर नखाने उचकटायचं. काळ्याचं भोक सापडतं. रंगीत कार्ट्रिजला भोकं तीन, आणि कुठल्या भोकात कुठला रंग हे वर लिहिलेलं नसतं. त्यावर उपाय म्हणजे उदबत्तीची काडी. ती आत बुडवून बाहेर काढायची, टोकाला जो रंग लागेल तो त्या घरचा. पहिल्या दिवशी ही काडी मला ठाऊक नव्हती. मी अंदाजाने, आत्मविश्वासाने, पिवळ्याच्या घरात राणी रंग भरला.

त्याच संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. भाचीचा बायोडाटा छापून हवा होता, वर गणपतीसकट. हळदी रंगाच्या पितांबराऐवजी गणपतीने राणी रंगाचं नेसलं होतं आणि भाचीचा चेहरा असा लालीलाल झाला होता की 'वर्ण' या रकान्यापुढे आम्ही काय लिहिलंय याला काही अर्थच उरला नाही. मेव्हणा कागद बराच वेळ बघत राहिला. "लाजलीये, असं सांगू," म्हणाला.

माझी बोटं तर पुढचे चार दिवस तशीच होती. बँकेत सही करताना कॅशियरने डाव्या तर्जनीकडे बघून "साहेब, मतदान कुठे होतं?" असं विचारलं. मतदानाची शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, १९६२ पासून, आणि तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं म्हणून ती जात नाही. माझ्या शाईत तसलं काही नसूनही ती जाईना.

नंतर हात बसला. स्पंज आतून हळूहळू शाई पितो, घाई केली की ती बुडबुडा धरून वर उसळते आणि डायनिंग टेबलवर येते. "अहो, पोह्यांच्या डिशजवळ नका ना," हे त्या टेबलचं पार्श्वसंगीत. शेवटी खालची बाजू टिश्यूवर टेकवायची. पिवळा, आकाशी, राणी असे तीन पट्टे शेजारी शेजारी स्वच्छ उमटले की होणारा आनंद मी कुणाला समजावू शकलेलो नाही.

त्या खालच्या बाजूला डोळ्यांना न दिसणारी शेकडो भोकं असतात. आत शाई एका क्षणात इतकी तापते की तिचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा एक थेंब बाहेर ढकलतो. थेंब मोजतात पिकोलिटरमध्ये. लिटरचे एक लाख कोटी भाग केले की त्यातला एक. ही युक्ती सुचली त्याची गोष्ट अशी सांगतात: १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाचं तापलेलं सोल्डरिंगचं टोक चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. हे वाचलं त्या रात्री मला गाढ झोप लागली. हे यंत्र जन्मलंच सिरिंजमधून! मी त्याला माहेरी नेतोय, इतकंच. केमिस्टला हे सांगायचं राहिलंय.

काळ्या शाईबद्दलही असंच काहीसं. बऱ्याच प्रिंटरांची काळी शाई म्हणजे मुळात बारीक काजळीच. आजी सांगायची, तिच्या माहेरी दिव्याची काजळी डिंकात घोटून बोरूसाठी शाई करत. मधल्या काळात एवढं संशोधन झालं आणि काजळी आहे तिथेच आहे.

प्रिंटरला मात्र हे काही पटत नाही. भरलेलं कार्ट्रिज बसवलं तरी तो पडद्यावर सांगतो, शाई संपली. आपण शाई भरल्याचं त्याला दिसतच नाही. तो फक्त किती छापलं याचा हिशेब ठेवतो. आमच्या प्रिंटरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं की तो तक्रार सोडतो, नवरा ऐकेनासा झाल्यावर बायको सोडते तशी. ही भांडणं घरगुती नाहीत, हेही सांगायला हवं. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी पुन्हा भरलेल्या टोनर कार्ट्रिजांवरून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली आणि २०१७ साली हरली. एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, असं न्यायालय म्हणालं. मी हे जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. "जिंकलात ना? मग आता टेबल पुसा," बायको म्हणाली.

मुलगा म्हणतो, टाकीवाला प्रिंटर घ्या. एप्सनने २०१० साली इंडोनेशियात तसला पहिला आणला; तिथले लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या नि नळ्या जोडतच होते, कंपनीने मग टाकी आपणच लावून दिली. मी शेजाऱ्याकडे बघून आलो. त्यात बाटली उपडी करतात. शाई आपोआप थांबते. काडी नाही, टिश्यू नाही, सिरिंज नाही. मला तो दूध ओतण्यातला प्रकार वाटला.

बचतीचा हिशेब बायकोने मागच्या महिन्यात मागितला. न वापरता ठेवलं तर भोकं वाळतात म्हणून मी दर शनिवारी एक रंगीत पान छापतो. बहुधा तोच गणपती. तरी वाळली तर 'क्लीनिंग' लावावं लागतं, आणि त्यात ओतली जाणारी शाई प्रिंटरच्या पोटातल्या एका बोळ्यात जाऊन बसते. म्हणजे शाई वाचवायला शाई. रेल्वेचं भाडं, टेबलावरचं नवं प्लॅस्टिक आणि एक पांढरा शर्ट मी हिशेबात धरले नाहीत. तरीही आकडा पाहून तिने वही मिटली आणि काही बोलली नाही.

पाचव्या भरणीला रंगीत कार्ट्रिज गेलं. कोमट पाण्यात बुडवून पाहिलं, खालून सिरिंजने ओढून पाहिलं, पण पिवळा काही बोलेना. काळं अजून चालू आहे. राणी रंगाची बाटली जवळजवळ भरलेली आहे. कुणाला हवी असेल तर डोंबिवली पूर्वेला येऊन घेऊन जा; सिरिंज मात्र आपापली आणा, आमचा केमिस्ट आता देत नाही.