बाकावरची मंडळी

ज्या कॉलेजाला बास्केटबॉलसाठी बारा पोरं जमवताना नाकी नऊ येतात, तिथे शिकवणारे मात्र कधी कमी पडत नाहीत. आदिलाबाद जिल्ह्यातलं कुठलंही लहानसं डिग्री कॉलेज घ्या. संघ गावाबाहेर निघाला की खेळणारे आठ किंवा नऊ, आणि कसं खेळावं हे सांगणारे चार. त्यातला कागदोपत्री माणूस एकच, फिजिकल डायरेक्टर, म्हणजे पीडी सर. बाकीच्या तिघांना कोणी नेमलं हे कुणाला आठवत नाही.

पीडी सर मुळात बास्केटबॉलचे नसतात. ते कबड्डीचे, फार तर व्हॉलीबॉलचे. जैनथ-बेलाकडच्या मराठी घरातले असले तर त्यांचं बी.पी.एड. अमरावतीचं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारातलं. ती संस्था १९१४ ची. तिथल्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, हे सर दरवर्षी नव्या पोरांना सांगतात, आणि अशा थाटात सांगतात की सर स्वतः त्या तुकडीत होते की काय अशी शंका यावी. पंधरा ऑगस्टची परेड, परीक्षेतली कॉपी पकडणं, गेटवर आयकार्ड तपासणं, दोन टोळ्यांची मारामारी सोडवणं आणि निवडणुकीची ड्युटी ही त्यांची मुख्य कामं. यातून वेळ उरला तर ते कोच असतात.

मग बास्केटबॉलच का? तर कॉलेजात कोर्ट आहे म्हणून. कुण्या एका साली अनुदान आलं, मार्चअखेर संपवायचं होतं, आणि कमी दिवसांत जास्त सिमेंट खाणारी वस्तू म्हणून कोर्ट झालं. नियमाप्रमाणे ते २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद हवं. इथे मागची भिंत आड आल्यामुळे लांबी थोडी भिंतीला गेली. रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते. इथल्या दोनपैकी एक पोरांनी लटकून लटकून चांगलीच खाली आणलीय. घरच्या मैदानावर त्या बाजूला आपला नेम अचूक लागतो. वरंगलला काकतीय विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गेलं की प्रत्येक शॉट रिंगच्या खालून निघून जातो, आणि मग सर म्हणतात, ‘‘इथली रिंग वर लावून राह्यले हे लोक.’’

खेळाडू निवडण्याची सरांची पद्धत पूर्वी फार सोपी होती. जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि रांगेत ज्याचं डोकं वर दिसेल त्याला बाजूला घ्यायचं. त्याला चेंडू माहीत असो नसो, तो सेंटर. २०१६ पासून तेलंगणात डिग्रीचे प्रवेश ‘दोस्त’वर, ऑनलाइन होतात. सरांची तक्रार अशी की पोराचे इंटरचे मार्क संगणकाला कळतात, उंची कळत नाही. आता त्यांना जुलैभर वर्गावर्गाच्या दारात उभं राहून ‘‘ए, शेवटचा बाक, उठून उभा राह्य’’ करावं लागतं.

एवढं करून पोरगा सापडला तरी तो हंगामात हाताशी असेलच असं नाही. स्पर्धा हिवाळ्यात, आणि हिवाळा म्हणजे कापसाची वेचणी. बापाचा फोन येतो, ‘‘सार, पोराले दोन दिवस सोडा, मजूर भेटून नाही राह्यले.’’ सर स्वतः शेतकऱ्याचे, त्यांच्याच्यानं नाही म्हणवत. वेचणी उरकली तर केसलापूरची नागोबाची जत्रा. एखादा सेंटर मेश्राम कुळातला निघाला तर पुष्य अमावस्येच्या आधी तो कुळातल्या मंडळींबरोबर गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी चालत जातो. सरांना त्याच्या श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नसतं. त्यांचा प्रश्न एवढाच असतो की पायी गोदावरी गाठून परत येणारा हा माणूस कोर्टाला तीन फेऱ्या मारताना पोटात दुखतं कसं म्हणतो.

सकाळी सहाचा सराव हे प्रकरण तर पाहण्यासारखं. तेलंगणात थंडीची बातमी द्यायची झाली की पेपरवाले आदिलाबादचा आकडा छापतात. त्या थंडीत सर मफलर गुंडाळून येतात आणि शिट्टी मफलरच्या आतच वाजवतात. पोरं थांबत नाहीत, कारण पोरांपर्यंत शिट्टी पोचत नाही. सरांना वाटतं शिस्त बिघडली.

दुसरा माणूस असिस्टंट. हा कॉलेजचा माजी खेळाडू. डिग्री होऊन बरीच वर्षं झाली. सध्या कॉन्स्टेबल भरतीची तयारी चालू आहे, आणि तिच्यातली १६०० मीटरची धाव पक्की व्हावी म्हणून तो रोज मैदानावर येतो. धावून झालं की निघत नाही. अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी दिसतात, तेव्हा त्याच्या एका हातात मोबाईलवर एनबीए आणि समोर हा संघ असतो. दोन्हींकडे आळीपाळीनं पाहून त्याचा चेहरा जो होतो तो वर्णन करण्यापलीकडचा. पाठीवर स्टीफन करीचा तीस नंबर. तोंडात पिक अँड रोल, टू-थ्री झोन, स्पेसिंग. पोरांपैकी निम्मी कबड्डीतून आलेली. डिफेन्स म्हटलं की ती समोरच्याची मांडी धरतात. पाच फाउलला खेळाडू बाद होतो. आपला लेफ्ट कॉर्नर पहिल्या दहा मिनिटांतच पाचही वापरून येतो आणि वर विचारतो, ‘‘सार, धरला तर होता मी, पॉइंट कोनाले भेटला?’’

सरांना बास्केटबॉल येत नाही, असं असिस्टंटचं ठाम मत. ते खरंही आहे. पण मी इथे सरांच्या बाजूचा. हा खेळ १८९१ साली ज्यानं शोधला तो जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्ससच्या विद्यापीठात प्रशिक्षक झाला. तिथे त्यानं ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाचा जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक आजवर तो एकटाच. ज्यानं खेळ काढला त्याला तो शिकवता आला नाही, तिथे निवडणूक ड्युटीवरून परस्पर मैदानावर आलेल्या माणसाकडून काय अपेक्षा धरायची? असिस्टंटनं ही माहिती टोमण्यासाठी आणली होती. सरांनी ती ताबडतोब प्रिन्सिपॉलला द्यायच्या वार्षिक अहवालात घातली.

तिसरे मॅनेजर. संघाबरोबर मॅनेजर हवा असा नियम आहे, आणि तो कॉमर्समधून यावा असा रिवाज. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ते पोरं मोजतात. स्टेशनवर मोजतात, डब्यात मोजतात, जेवताना मोजतात. एलिजिबिलिटीचे फॉर्म, बोनाफाईड, दहावीचा मेमो, तिकिटं आणि पैसे या सगळ्यांसाठी त्यांच्याकडे एक प्लॅस्टिकची पिशवी असते, ती ते उशाला घेऊन झोपतात. मंजुरी एका दिवसाच्या डीएची, म्हणजे भत्त्याची. स्पर्धा बाद पद्धतीची. हे दोन मुद्दे नीट ध्यानात ठेवा.

चौथे अटेंडर मामा. यांच्याकडे खोलीची किल्ली, पंप आणि पंपाची सुई. सुई ते शर्टाच्या खिशात ठेवतात, त्यामुळे मामा रजेवर म्हणजे बास्केटबॉल रजेवर. कॉलेजात पीडी तीन बदलले, मामा तेच. इतक्या वर्षांत त्यांनी एकही सामना बसून पाहिलेला नाही आणि एकही सोडलेला नाही.

प्रवासात मामांची किंमत कळते. आदिलाबादहून वरंगलला कृष्णा एक्स्प्रेसनं जायचं तर गाडी आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, भोकर, मुदखेड करत मग बासरला तेलंगणात परत. आपल्याच राज्यातल्या विद्यापीठात खेळायला शेजारच्या राज्यातून जावं लागतं याचं मॅनेजरांना वैषम्य वाटतं. मामांना नाही. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आणि त्यांची बहीण अजून तिथेच आहे. ती रात्री फलाटावर भाकरी, ठेचा आणि पिठल्याचा डबा घेऊन उभी असते. संघ जेवतो. मॅनेजर दोनदा वाढून घेतात, आणि एका वेळच्या जेवणाचा खर्च वाचल्याची नोंद मनात करतात. वहीत करत नाहीत.

सामना सुरू झाला की एक नवीच अडचण. नियम असा की खेळ चालू असताना मुख्य प्रशिक्षक आणि पहिला सहायक, या दोघांपैकी एकालाच उभं राहता येतं. सर उठले की असिस्टंटनं बसायचं. असिस्टंटला काही सुचलं की तो सरांचा ट्रॅकसूट खाली ओढतो आणि स्वतः उठतो. चाळीस मिनिटांत हे इतक्या वेळा होतं की व्यायाम मोजायचा झाला तर खेळाडूंच्या बरोबरीनं त्यांचाही धरावा. सर पंचांना जे बोलतात ते तेलुगूत आणि फार आदरानं. स्वतःच्या पोरांना आणि पंचांबद्दल जे बोलतात ते मराठीत. मुख्य प्रशिक्षकाला दोन टेक्निकल फाउल झाले की त्याला मैदान सोडावं लागतं. सर अजून बाकावर आहेत याचं श्रेय वरंगलच्या पंचांना मराठी येत नाही याला द्यावं लागेल.

टाइम-आउट असतो एका मिनिटाचा. त्यात बोलणारे चार.

‘‘उरुकु रा, उरुकु! पाय जमिनीले चिकटले का बे?’’ हे सर.

‘‘टू-थ्री सोडा, मॅन टू मॅन घ्या. हाय पिक लावा, वीक साइड रिकामी आहे,’’ हा असिस्टंट.

‘‘अजून किती आहे? नाही, साडेसहाची बस आहे म्हणून विचारलं.’’ हे कोण ते सांगायला नको.

आणि पाण्याची बाटली पुढे करत मामा: ‘‘त्या सात नंबरचा डावा हात चालत नाही. त्याले तिकडंच ढकला.’’

पोरं फक्त शेवटचं ऐकतात.

मराठीत बोलण्यात डाव गुप्त राहण्याचाही फायदा. पांढरकवड्याला किंवा नांदेडला खुल्या स्पर्धेत गेलं की हीच मंडळी सराईतपणे तेलुगूवर जातात. सीमेवर राहण्याचे जे मोजके लाभ आहेत त्यांतला हा एक. पण एकदा वरंगलला समोरच्या संघात सिरपूरकडचा पोरगा निघाला. सर टाइम-आउटमध्ये गुप्त योजना सांगताहेत आणि तो पलीकडच्या बाकावरून मान डोलावतोय. शेवटी त्यानंच हाक मारली, ‘‘काका, जरा हळू बोला ना, सगळं ऐकू येऊन राह्यलं.’’

तेव्हा उतनूर-इंद्रवेल्लीच्या पोरांनी सूत्रं हाती घेतली. ती एकमेकांत गोंडीत बोलायला लागली. कबड्डीवाल्यांनाही शेजारपाजारामुळे थोडी येत होती. समोरच्यांना ती कळेना. अडचण एवढीच की आपल्या बाकालाही कळेना. पाच डोकी जवळ घेऊन पोरांचं काहीतरी ठरतंय, आणि चौघं मार्गदर्शक त्या घोळक्याच्या बाहेर टाचा उंचावून उभे. सरांनी दोनदा विचारलं, ‘‘काय ठरलं बे?’’ असिस्टंट म्हणाला हे टू-थ्रीच दिसतंय. मामा काही बोलले नाहीत, पण सुईचा खिसा चाचपला. ते खूश झाले की असं करतात. पुढच्या दहा मिनिटांत संघ आजवर खेळला नव्हता असा खेळला. कबड्डीवाल्यानं कुणाची मांडी धरली नाही. शेवटचा शॉट रिंगमधून गेला, आणि रिंग नियमाच्याच उंचीवर होती.

सरांनी मामांना मिठी मारली. असिस्टंट मोबाईलवर कुणाला तरी आपली रणनीती समजावून सांगायला लागला. मॅनेजर मात्र पिशवी मांडीवर घेऊन बाकावरच बसले होते. एका दिवसाचा डीए संपला होता, उद्या सकाळी दुसरा सामना, राहायची खोली बारापर्यंतची, आणि किनवट फार मागे राहिलं होतं. त्यांनी पोरं मोजली. मग बाजूला जाऊन प्रिन्सिपॉलना फोन लावला.

‘‘सार, इकडं जरा प्रॉब्लेम झाला आहे. नाही नाही, कुणाला लागलं नाही. जिंकलो.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग प्रिन्सिपॉलनी विचारलं, ‘‘पीडी काय करत होते?’’